वायररोप तपासणीच्या नोंदी: गव्हाणीवरचा अनलोडर आणि मिल हाऊसची क्रेन

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी मेकॅनिकल मेंटेनन्स पाहतो. २०२४-२५ चा हंगाम आखूड झाला, मार्चमध्येच गव्हाण (मिलकडे ऊस नेणारा पट्टा) थांबली. एरवी ऑफ सीझन म्हटला की मिलचे रोलर, टर्बाइन आणि बॉयलरच्या ट्यूबा यांतच पावसाळा उजाडतो आणि क्रेनच्या रोपला (पोलादी तारांच्या दोराला) वरून ग्रीस फासून काम झालं असं धरतात. यंदा वेळ हाताशी होता. म्हणून ट्रॉलीतला ऊस उचलून गव्हाणीत टाकणारा अनलोडर आणि मिल हाऊसची २० टनी ईओटी (वरच्या रुळांवर धावणारी विजेची) क्रेन, अशा दोन्हींचे रोप नीट तपासायला घेतले. दुसऱ्या कारखान्यात हेच काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी लिहिल्या तशाच देतोय.

२ एप्रिल २०२५

अख्खा दिवस कागद शोधण्यात गेला. फॅक्टरी ॲक्टच्या कलम २९ प्रमाणे उचल यंत्रं, साखळ्या आणि रोप यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तरी तपासणी लागायची (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता). ते दाखले फाइलला व्यवस्थित आहेत. पण रोप कुठल्या जागी मोजला, किती भरला, किती तारा तुटलेल्या होत्या, यातलं काही त्यावर नाही. 'समाधानकारक' एवढाच शब्द आहे.

स्टोअरच्या इश्यू बुकातून एवढं हाती लागलं: अनलोडरचा रोप मागच्या दिवाळीआधी बदललेला, म्हणजे एकाच हंगामाचा. ईओटीचा २०१९ मधला. दोन्ही १६ मि.मी., सहा पेडांचे, पेडात ३६ तारा. अनलोडरच्या रोपचा गाभा तागाचा, ईओटीचा स्टीलचा. टेस्ट सर्टिफिकेट फक्त ईओटीच्या रोपचं सापडलं: ग्रेड १७७०, किमान तुटभार (रोप तुटायला लागणारा कमीत कमी ताण) १६१ किलोन्यूटन, म्हणजे साधारण सोळा टन.

तपासणीआधी दोन्ही क्रेनचे मेन आयसोलेटर (वीज तोडणारे मुख्य स्विच) काढून कुलपं लावली आणि किल्ल्या माझ्या खिशात ठेवल्या. "सांगितल्याशिवाय कोण चालू करणार नाही" यावर विसंबून कुणालाही पुलीपाशी हात घालायला लावू नका.

४ एप्रिल

रोप दिसेचना. मिल हाऊसमध्ये बगॅसचा (रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचा) भुसा सतत उडत असतो. तो ग्रीसवर बसतो, वर वाफ लागते, आणि दोन-चार हंगामांत त्याचा काळा, कडक थर होतो. पेडांमधल्या खाचा पार बुजलेल्या. वरून पाहिलं तर रोप गुळगुळीत, एकसारखा आणि धडधाकट वाटतो.

एका हेल्परने स्टीमची नळी ओढून आणली आणि दोनेक मीटर रोप झटक्यात लख्ख केला. दिसायला छान, पण वाफ आतपर्यंत जाते आणि गाभ्यातलं तेलही घेऊन बाहेर येते. मग आतल्या तारा कोरड्याच एकमेकींवर घासत राहतात. लगेच थांबवलं. डिझेलमध्ये भिजवून पिळलेलं फडकं, तारेचा ब्रश आणि खाचा कोरायला बांबूची चोय, एवढ्यावर काम केलं. डिझेल रोपवर ओतायचं नाही, तेही आत मुरतं.

संपूर्ण रोप साफ करण्याचा नाद सोडला. ज्या जागा मोजायच्या तिथलाच दीड-दोन फूट साफ करायचा. जागा ठरवल्या त्या अशा: ड्रमवरची बांधणी, वजन उचलताना पुल्यांवर येणारा भाग, इक्वलायझर पुलीवरचा (दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवणाऱ्या पुलीवरचा) भाग आणि प्रत्येक क्लॅम्पच्या तोंडाशी.

चामडी हातमोजे सक्तीचे. आणि चालत्या रोपवर कॉटन वेस्ट धरून 'कुठे अडकतं ते बघू' ही जुनी सवय बंद. तुटलेल्या तारेचा काटा वेस्टसकट हात पुलीत ओढून नेतो.

७ एप्रिल

अनलोडरचा व्यास मोजला. पहिल्या फेरीचे आकडे फेकून द्यावे लागले. दोन फिटरांनी एकाच जागी मोजलं, एकाचं उत्तर १४.६, दुसऱ्याचं १५.२. दोष व्हर्नियरच्या जबड्यांचा होता. साध्या व्हर्नियरचे जबडे अरुंद असतात, ते दोन पेडांमधल्या खाचेत उतरतात आणि रोप आहे त्याहून बारीक दाखवतात. माप पेडांच्या माथ्यावरून घ्यायला हवं.

रुंद जबड्यांचा कॅलिपर मिळतो, पण तो मागवायला आठवडा लागणार होता. वर्कशॉपमध्ये ६ मि.मी.च्या पट्टीचे ४० मि.मी. लांबीचे दोन तुकडे सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घेतले, रोपच्या दोन्ही बाजूंना धरले, बाहेरून व्हर्नियर लावला आणि पट्ट्यांची जाडी वजा केली. आता तिघांनी मोजलं तरी फरक ०.१ च्या आत येतो. प्रत्येक जागी दोन मापं घ्यायची, एक उभं आणि एक आडवं, आणि दोन्हींची सरासरी.

पुढचा प्रश्न, मुळात रोप केवढा होता? नवा रोप नावाला १६ असला तरी भरतो थोडा जास्त. बसवताना कुणी मोजून ठेवलेला नाही. म्हणून ड्रमवरच्या शेवटच्या मृत फेऱ्यांवर मोजला. हूक तळाला गेला तरी ते फेरे सुटत नाहीत आणि पुलीवर कधीच येत नाहीत, त्यामुळे मूळ मापाच्या सगळ्यांत जवळची जागा तीच. तिथे भरला १६.४.

सर्वांत वाईट जागी १५.१. म्हणजे १.३ मि.मी. कमी, नाममात्र १६ च्या ८ टक्के. तागाच्या गाभ्याच्या रोपला आयएसओ ४३०९ या क्रेनच्या रोपसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १० टक्क्यांची मर्यादा आहे, स्टीलच्या गाभ्याला साडेसात. मर्यादेच्या आत आहे खरा, पण एका हंगामात ८ टक्के! या रोपने इतक्या लवकर का हाय खाल्ली, ते कळल्याशिवाय नवा चढवायचा नाही असं ठरवलं.

जाता जाता पिळाची लांबीही घेतली. रोपवर साधा कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी घासली की पेडांचे माथे कागदावर उमटतात. एक पेड धरायचा आणि सहा ठसे पुढे मोजले की एक पीळ. ड्रमपाशी १०० मि.मी., झिजलेल्या जागी १०७. पीळ लांबला आणि व्यासही उतरला, याचा अर्थ ताग कोरडा पडून आतून बसलाय आणि पेड आत सरकलेत. कागदाचे दोन्ही तुकडे रजिस्टरला डकवले.

१० एप्रिल

तुटलेल्या तारा मोजणं वाटतं तितकं सरळ नाही. ताणलेल्या रोपमध्ये तुटलेली तारही जागच्या जागी बसलेली असते. हूक-ब्लॉक खाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवून रोप ढिला केला, खडूने ४८० मि.मी.ची खूण केली (व्यासाच्या तीसपट) आणि त्या भागाला हाताने थोडा बाक दिला. बाक देताच तारा 'टिक टिक' करत वर आल्या. सरळ रोपवर चार दिसत होत्या, वाकवल्यावर अकरा.

एका तारेची दोन टोकं वर आली तरी ती तुटलेली तार एकच धरायची. हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोन माणसांचे आकडे जुळणार नाहीत.

आमच्या रोपला (६×३६, साधा पीळ, ड्रमवर एकच थर) मर्यादा आहे ६ व्यासांएवढ्या लांबीत ९ तुटक्या तारा किंवा ३० व्यासांएवढ्या लांबीत १८. आमच्या अकरा. शिवाय व्यास ८ टक्क्यांनी उतरलेला. एकटं कुठलंच कारण रोप काढायला पुरेसं नाही, पण दोन्ही एकाच जागी एकत्र आली की वेगवेगळे बघून चालत नाही. दोन्ही आपापल्या मर्यादेच्या अर्ध्याहून बरेच पुढे गेलेत. रोप बाद.

सगळ्या तुटक्या तारा साधारण मीटरभरात आहेत, बाकी रोप बरा आहे. ती जागा कुठे येते ते पाहायला हूक ट्रॉलीच्या उंचीला आणला. अगदी वरच्या पुलीवर! यार्डात येणाऱ्या ट्रॉल्यांची उंची जवळपास सारखीच, त्यामुळे झटका बसतो त्या क्षणी रोपचा तोच मीटर पुलीवर वाकलेला असतो. दिवसाला शेकडो खेपा, प्रत्येक खेपेचा पहिला झटका त्याच तारांनी खाल्लेला.

यावर एक उपाय आहे. ड्रमच्या बाजूने थोडा जादा रोप ठेवायचा आणि हंगामाच्या मध्यावर एखादा मीटर कापून रोप सरकवायचा, म्हणजे झटक्याची जागा बदलते. नव्या रोपच्या लांबीत तेवढी सोय केली.

१२ एप्रिल

झटक्याने तारा तुटल्या हे पटलं, पण व्यास इतका कसा उतरला? उत्तर पुल्यांमध्ये सापडलं.

२ मि.मी. पत्र्याची ८.५ मि.मी. त्रिज्येची गेज (खाच तपासायचा मापाचा साचा) कापून घेतली. १६ च्या रोपला पुलीची खाच रोपपेक्षा किंचित मोठी हवी, त्रिज्या व्यासाच्या ०.५२५ पटीहून कमी नको. गेज खाचेत टेकवली आणि मागून टॉर्च मारला. तिन्ही पुल्यांत गेज तळाला पोहोचलीच नाही, दोन्ही कडांवरच अडकली. जुने रोप झिजत बारीक होत गेले आणि त्यांच्या बारीक मापाने खाचाही खोल, अरुंद झाल्या. त्यात मागच्या दिवाळीत १६.४ चा कोरा रोप घातला. दोन्ही बाजूंनी आवळला जाऊन तो पहिल्या महिन्यातच मार खाऊ लागला असणार. एका पुलीच्या तळाला तर पेडांचे तिरके ठसे कानसेच्या दातांसारखे उमटलेले. बोट फिरवलं तर मोजता येत होते.

त्याच पुलीचं बेअरिंगही जाम. हाताने ढकललं तर अर्धा फेरा फिरून थांबते. म्हणजे हंगामभर रोप तिच्यावरून फिरत नव्हता, घासत होता.

रोप बदलला त्या वेळी पुल्यांकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांत महाग पडलेली गोष्ट हीच. नवा रोप जुन्या खाचेत घातला की त्याचं आयुष्य पहिल्या दिवसापासून घटायला लागतं.

दोन पुल्या आमच्याच लेथवर ८.५ च्या फॉर्म टूलने टर्न करून निघाल्या. त्या साध्या कास्ट स्टीलच्या आहेत म्हणून हे जमलं. वरून हार्ड केलेली पुली असेल तर टर्न केल्यावर तो थरच निघून जाईल, तिथे नवीच घ्यावी. ठसेवाली पुली भंगारात. शिरोलीच्या एका फाउंड्रीकडून नवी ओतून आणि टर्न करून ६,२०० रुपयांना मिळाली. तिन्हींची बेअरिंगं बदलली, ३,४०० रुपये.

२२ एप्रिल

मिल हाऊसची ईओटी. तिसऱ्या मिलचा टॉप रोलर शेलिंगसाठी (वरचं कवच नवं बसवायला) पाठवायचा होता, शाफ्टसह वजन बारा टनांच्या आसपास. रोलर उचलण्याआधी रोप पाहायचा, एवढंच ठरलं होतं.

चालत्या भागात रोप खरोखर चांगला. व्यास १६.३ ते १६.०, तुटलेल्या तारा इकडे-तिकडे दोन-तीन, पीळ सगळीकडे सारखा. ड्रमच्या खाचांत गेज व्यवस्थित बसली. हूक सर्वांत खाली नेल्यावरही ड्रमच्या दोन्ही टोकांना तीन-तीन फेरे शिल्लक. क्लॅम्पचे बोल्ट घट्ट. इथवर सगळे खूश.

राहिली होती इक्वलायझर पुली. या क्रेनमध्ये रोपची दोन्ही टोकं ड्रमवर आहेत आणि रोपचा मधला भाग क्रॅबवरच्या (क्रेनच्या पुलावर सरकणाऱ्या गाडीवरच्या) इक्वलायझर पुलीवरून जातो. तिच्यापर्यंत पोहोचायला वाट नाही, प्लॅटफॉर्म नाही, वर पत्र्याचं झाकण. झाकणाचे नट गंजून धरलेले, ते कापावे लागले. त्यावरूनच कळलं की ते किती वर्षांत निघालेलं नाही.

खाली भुश्याचा ओला थर. तो काढल्यावर पेडांच्या खाचांतून तांबूस पूड झडली. बाहेरून गंज नसताना खाचेतून अशी पूड येते तेव्हा आतल्या तारा घासून गंजतायत असं समजायचं. ब्लॉक खाली टेकवला, रोप ढिला करून पुलीवरून उचलला आणि उलट बाजूला वाकवला. दोन पेडांमधल्या खाचेत एक तार तुटलेली दिसली. तीन बोटं पुढे दुसरी. थोडं पलीकडे तिसरी.

माथ्यावर तुटलेली तार आणि खाचेत तुटलेली तार यांत मोठा फरक आहे. माथ्यावरची तार झिजून किंवा वाकून थकून तुटते, ती डोळ्यांना दिसते, तिला मोजता येतं. खाचेतली तार तुटते ती पेड एकमेकांवर दाबून घासल्याने, म्हणजे गाभ्याचा आधार गेल्याने. एक दिसली तर आत न दिसणाऱ्या आणखी असणार असंच धरावं लागतं. म्हणून एका पिळात अशा दोन सापडल्या की रोप काढायचा, तिथे ९ आणि १८ चा हिशेब लागत नाही.

हे इक्वलायझरवरच का झालं? ती पुली जवळपास फिरतच नाही. प्रत्येक उचलीला रोप तिथल्या तिथे किंचित डोलतो. तीच दोन वितीची जागा सहा वर्षं वाकलेली, दाबलेली, वर वाफ आणि ओला भुसा, आणि ग्रीस कधीच पोहोचलेलं नाही.

आमचे जुने खलाशी (जड वजनं बांधून उचलणारे), सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांचं म्हणणं पडलं, "साहेब, क्रेन वीस टनाची हाय. बारा टनाला काय व्हतंय? गेल्या साली बी ह्योच रोलर उचलला की." मामांनी या मिल हाऊसमध्ये माझ्या दुप्पट रोलर उचललेत, त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. मी त्यांना क्रॅबवर घेऊन गेलो आणि रोप त्यांच्याच हाताने वाकवायला सांगितला. मामांनी तार बघितली, अंगठ्याच्या नखाने हलवून बघितली आणि खाली उतरून पोरांना म्हणाले, "बेल्ट सोडा रं रोलरचं."

काम थांबलं. रोलर न्यायला आलेला ट्रेलर रिकामा परत गेला, भाडं ९,००० रुपये भरावं लागलं. वरून फोनवर बरंच ऐकावं लागलं. तारांचे फोटो पाठवल्यावर ते थांबलं.

६ मे

नवा रोप आला आणि परत गेला.

ऑर्डर होती २४० मीटर: ईओटीला १२०, अनलोडरला ६० आणि ६० स्टोअरला. आता दोन्हीकडे स्टीलचाच गाभा घ्यायचं ठरवलंय, म्हणजे स्टोअरमध्ये १६ मि.मी.चे दोन प्रकार राहणार नाहीत आणि घाईत चुकीचा चढणार नाही. आयएस २२६६ या भारतीय मानकाप्रमाणे, ६×३६, स्टील गाभा, ग्रेड १७७०, साधा उजवा पीळ, टेस्ट सर्टिफिकेटसह. दर १६५ रुपये मीटर.

रीलवरचा टॅग बरोबर, सर्टिफिकेटही बरोबर. पण टोक कापल्यावर मध्ये पांढरट ताग. पुरवठादार फोनवर म्हणतो, "वरून सेमच आहे साहेब." वरून सेमच असतो, तीच तर अडचण आहे. वाद नको म्हणून बरोबर एक मीटर कापला आणि आमच्या लॅबमध्ये ऊस-रसाचे नमुने तोलतात त्या काट्यावर ठेवला: ९४५ ग्रॅम. स्टीलच्या गाभ्याचा १६ मि.मी. रोप मीटरला साधारण १,०५० ग्रॅम भरतो. काट्याचा फोटो पाठवल्यावर माल उचलून नेला.

तागाचा गाभा वाईट असतो असं नाही. पण त्याचा तुटभार १५० किलोन्यूटनच्या आत येतो. वीस टन आणि ब्लॉकचं वजन आठ फॉलवर (हूक तोलणाऱ्या रोपच्या पदरांवर) वाटलं तर एका फॉलवर साधारण अडीच टनांहून थोडं जास्त. १६१ किलोन्यूटनच्या रोपला सुरक्षा गुणांक (तुटभार भागिले एका फॉलवरचा भार) सहाच्या वर राहतो, तागाच्या रोपला सहाच्या खाली जातो. शिवाय मिल हाऊसच्या वाफेत ताग ओला राहतो.

कुठूनही रोप आला की स्वीकारण्याआधी टोक कापा, गाभा बघा, मीटरभर तोला, व्यास घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

१८ मे

बरोबर माल १५ तारखेला आला (मीटरला १,०४५ ग्रॅम). आज ईओटीवर चढवला.

रील जॅकवर आडव्या पाइपात घालून फिरती ठेवली. रील जमिनीवर आडवी टाकून वरून वेटोळी ओढली तर प्रत्येक वेटोळ्याला रोपमध्ये एक पीळ भरतो, मग गाठ बसते, आणि ती हातोड्याने सरळ केली तरी रोप तिथे कायमचा मेलेला असतो. कापायच्या जागी दोन्ही बाजूंना मऊ तारेचे घट्ट वेढे आधी बांधले, मग डिस्कने कापला.

जुन्या रोपच्या शेपटीला नवा बांधून ओढून घ्यायचा, ही नेहमीची पद्धत. यात आज दोन तास गेले. सुरुवात करताना नव्या रोपवर खडूची सरळ रेघ मारून ठेवली होती. चार पुल्या झाल्यावर रेघ रोपभोवती फिरताना दिसली. जुन्या रोपमधला साठलेला पीळ जोडातून नव्यात उतरत होता. जोड कापला, नव्याला मोकळं सोडलं, तो दीड-दोन फेरे उलगडला, मग पुन्हा जोडला. या वेळी मध्ये हातभर साधी तागाची दोरी ठेवली, म्हणजे पीळ दोरीत जिरतो. रेघ मारली नसती तर हे कळलंच नसतं.

इक्वलायझर पुली काढून गेज लावली, खाच ठीक. झाकण नवं केलं, नटांऐवजी बिजागरी आणि खिटी. क्रॅबवर अँगलचा छोटा प्लॅटफॉर्म आणि कठडा बसवला, भंगारातल्या मालातून.

आधी रिकामा हूक वर-खाली, मग दोन टन, मग पाच टन, प्रत्येक वेळी दहा-बारा फेऱ्या. पेड जागेवर बसायला एवढं लागतं. त्यानंतर व्यास मोजला: १६.५. हा आकडा, तारीख आणि सर्टिफिकेट नंबर पत्र्यावर पंच करून तो पत्रा क्रॅबला रिव्हेट केला. पुढच्या माणसाला मृत फेऱ्यांवर अंदाज करत बसायला नको.

रोलर दुसऱ्या दिवशी उचलला. बेल्ट मामांनीच लावले.

२६ मे

अनलोडरचा रोप २१ ला चढवला, पण तेल द्यायचं राहिलं आणि पाऊस आला. यंदा मान्सून २४ मेलाच केरळात आला, आणि आमच्याकडे त्याआधीपासूनच झोडपायला सुरुवात झालेली. अनलोडर उघड्यावर. ओल्या रोपवर तेल धरत नाही. धरलं असं वाटलं तरी पाणी आत कोंडून बसतं. उघडीप मिळेपर्यंत ताडपत्री टाकून बसलो.

४ जून

दोन कोरडे दिवस मिळाले. वायररोपसाठीचं पातळ तेल वापरलं, २० लिटरची बादली ८,५०० रुपये. वरून ब्रशने फासण्यापेक्षा रोप पुलीवर वाकतो तिथे सोडलं, कारण वाकताना पेड किंचित उघडतात आणि तेल आत जातं. रोप सावकाश चालवत, हात न लावता, लांब नळीच्या कॅनने.

बॉयलर हाऊसमधून काढलेलं जुनं इंजिन ऑइल फुकटात मिळतं म्हणून इथे वर्षानुवर्षं तेच लावत आलेत. त्यात धातूचा बारीक चुरा आणि आम्लता असते. ते बंद. चाकांचं जाड ग्रीसही बंद, भुश्याचा तो थर त्यानेच बनतो.

७ जून

वर्कशॉपच्या हातातल्या स्लिंग (वजन बांधून हुकाला अडकवायचे रोप) तपासल्या. दोघींच्या डोळ्यांतली (टोकाच्या फाशांतली) बुलडॉग क्लिप, म्हणजे दुमडलेलं टोक आवळून धरणारी क्लिप, उलटी. यू-बोल्ट भार घेणाऱ्या रोपवर आणि खोगीर मोकळ्या टोकावर. यू-बोल्ट रोपला चिरडतो, म्हणून तो नेहमी मोकळ्या टोकावर हवा आणि खोगीर भाराच्या बाजूला. एका स्लिंगच्या क्लिपखाली पेड चपटा होऊन तारा तुटलेल्या. दोन्ही बाद. क्लिप पहिल्या उचलीनंतर पुन्हा आवळायच्या असतात, नव्या रोपचा व्यास भार घेतल्यावर कमी होतो.

बाद रोपचं काय करायचं यावर आज बराच खल झाला. स्टोअरचं म्हणणं, लांब तुकड्यांना भंगारात जास्त भाव येतो. खरं आहे, कारण ते वितळवायला जातच नाहीत. आमच्या भागात कारखान्याचा जुना रोप भंगारवाल्याकडून विहीर खोदणाऱ्या यारीवर चढतो. त्या यारीच्या बादलीतून मुरूम वर येतो आणि जेवायच्या सुट्टीला माणसंही त्याच बादलीत उभी राहून वर येतात. आमच्या इक्वलायझरखाली खाचेत तुटलेल्या तारा त्या माणसांना दिसणार नाहीत. वरून रोप चकचकीतच आहे.

दोन्ही जुने रोप गॅसने मीटर-मीटरचे तुकडे करून टाकले. भंगाराच्या भावात काही हजारांचा फरक पडला. कार्यकारी संचालकांनी सही करताना कारण विचारलं, सांगितलं, त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

१२ जून

खर्च: रोप करासह ४६,७२८. नवी पुली ६,२००, बेअरिंगं ३,४००. तेल ८,५००. डिझेल, ब्रश, हातमोजे वगैरे २,०००. परत गेलेला ट्रेलर ९,०००. एकूण ७५,८२८ रुपये. मजुरी आमचीच.

हंगामासाठी ठरवलेलं: ऑपरेटरने रोज पाळी सुरू करताना रोप, पुल्या आणि ड्रमवरचे फेरे नजरेखालून घालायचे. अनलोडरचा झटक्याचा मीटर दर आठवड्याला वाकवून मोजायचा, मध्यावर रोप सरकवायचा. ईओटीची इक्वलायझर हंगामात दोनदा झाकण उघडून पाहायची आणि रोलर उचलण्याआधी प्रत्येक वेळी. आकडे रजिस्टरला, 'ठीक' हा शब्द चालणार नाही.

वाहतूकदारांच्या ट्रॉल्यांवरच्या स्लिंग बाकी आहेत. त्या त्यांच्या मालकीच्या आणि आता गावोगाव पांगलेल्या. करार करताना स्लिंगची तपासणी गेटवर होईल ही अट घालायला शेती विभागाला पत्र दिलंय, उत्तर यायचंय.